कोकणकडा फ्रेममध्ये मावत नाही!

आज पाहुणे कोणी नाहीत, मी एकटाच बोलतोय. मागे पत्र्यावर पाऊस वाजतोय, तेवढं सांभाळून घ्या.

नाशिकहून एका ताईची व्हॉइस नोट आली. तिच्याकडे कॅनन २०० डी आहे, सोबत मिळालेली १८-५५ लेन्स आहे. हरिश्चंद्रगडावर गेली, कोकणकड्यासमोर उभी राहिली आणि कडा काही फ्रेममध्ये मावेना. शिकवण्या घेऊन तिने १५ हजार साठवलेत. विचारते, "दादा, कोणती वाइड लेन्स घेऊ? पैसे पुन्हा लवकर साठणार नाहीत."

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. म्हणून आधी पैसे न खर्च करता काय होतं ते बघू.

कोकणकडा म्हणजे सरळ भिंत नाही, आत वळलेली अर्धी वाटी आहे. १८ मिलिमीटरवर तुला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ७४ अंश दिसतात. वाटी त्याहून मोठी. मग कॅमेरा उभा धर, एक्स्पोजर आणि फोकस मॅन्युअलवर ठेव, आणि डावीकडून उजवीकडे पाच-सहा फोटो काढ. प्रत्येक फोटोत आधीच्याचा एक तृतीयांश भाग आला पाहिजे. घरी येऊन ‘हगिन’ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जोड. निम्म्या लोकांचं काम इथेच भागतं, खरंच सांगतो. ढग पळत असले किंवा गवत अगदी पायाशी असलं, की मात्र जोड उघडे पडतात.

दुसरी फुकट परीक्षा खिशातच आहे. फोनमधलं ०.५ एक्स. पुढचे दोन ट्रेक फक्त त्यावर काढ. डोंगर मुंगीएवढे होतात आणि निम्म्या फोटोत रिकामी जमीन येते, हे तेव्हा कळतं. तरीही मजा आली, तर लेन्स घे.

तुझ्या कॅमेऱ्यासाठी माझं उत्तर सरळ आहे: कॅनन ईएफ-एस १०-१८, एफ ४.५-५.६. २०१४ ची लेन्स. माउंट प्लास्टिकचं, वजन २४० ग्रॅम. १८ आणि १० मध्ये आठचाच तर फरक, असं वाटेल, पण १० वर ७४ अंशांचे १०७ होतात. उद्या मिररलेस घेतलास तर अडॅप्टर लावून चालेल. निकॉनवाल्यांनो, तुमच्यासाठी एएफ-पी १०-२०. फक्त काही जुन्या निकॉन बॉडींवर एएफ-पी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही, बॉडीचं नाव तपासूनच पैसे द्या.

दुकानदार टोकिना ११-१६, एफ २.८ दाखवेल. छान लेन्स आहे, रात्रीच्या ताऱ्यांना तर हवीच. पण दिवसाढवळ्या दरीचा फोटो आपण एफ ८ वर काढतो. तिथे २.८ चे जादा पैसे आणि जादा वजन कशाला? पाठीवर तूच वाहणार आहेस.

तुझ्या बजेटमध्ये बहुधा वापरलेली घ्यावी लागेल. इथे माझी फजिती ऐक. माझी पहिली वाइड लेन्स मी एकाकडून संध्याकाळी, चहाच्या टपरीवर घेतली. घरी दिव्यासमोर धरली, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी! आपली कोकणातली हवा, दुसरं काय. पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून मी फोनचा टॉर्च लेन्सच्या मागून आत मारून बघतो. मग भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवायचं, समोर सरळ उभं राहून एक फोटो काढायचा आणि चारही कोपरे मोठे करून बघायचे. एकच कोपरा धूसर असेल, तर लेन्स आपटलेली असू शकते. नको घेऊस. जमलं तर पुण्या-मुंबईत शनिवार-रविवारपुरती भाड्याने घेऊन बघ.

लेन्स आली की पोलरायझर लावून आकाश निळंशार करायचा मोह आवर. एवढ्या रुंद फ्रेममध्ये एकीकडे गडद निळा, दुसरीकडे फिका, असा पट्टा उमटतो. १० वर एफ ८ ठेवून साधारण पाऊण मीटरवर फोकस केलास, की पायाजवळच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ येतं. म्हणून तो जवळचा दगड शोध. सोनकीचं झुडूप, कातळातलं पाणी, काहीही.

आणि हे मात्र नीट ऐक. वाइड लेन्समधून सगळं लांब दिसतं. कड्याची धारसुद्धा. मी एकदा डोळा कॅमेऱ्याला लावून ‘अजून बरंच अंतर आहे’ म्हणत पुढे सरकत होतो. मित्राने मागून सॅक ओढली. डोळा काढून पाहिलं, तर धार दोन पावलांवर. कोकणकड्यावर लोक पोटावर झोपून खाली बघतात, ते उगाच नाही. कॅमेरा डोळ्याला असताना पाय हलवायचे नाहीत. आधी जागा ठरव, बस, मग बघ.

ताई, कडा मावला की फोटो पाठव.