आधी यंत्र थंड, मग पेट्रोल



आता बऱ्याच बचत गटांकडे गवत कापायचं यंत्र, पॉवर विडर, पेट्रोलवरचा फवारणी पंप आला आहे. आम्ही बायका ही यंत्रं स्वतः चालवतो, भाड्यानंही देतो. म्हणून आज पेट्रोलबद्दल बोलू या.

रॉकेलची सवय पेट्रोलला चालत नाही. पेट्रोलची वाफ थंडीतही होत राहते. ती हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत सरकते. कॅन पडवीत आणि चूल आत असली तरी वाफ चुलीपर्यंत पोचते आणि आग उलटी कॅनपर्यंत येते. म्हणून पेट्रोल राहत्या घरात नको. पेट्रोलसाठीच्या कॅनमध्ये, झाकण घट्ट लावून, बाहेर सावलीत, कुलपात ठेवा. पाण्याच्या बाटलीत तर कधीच नको. लेकरू पाणी समजून पितं. तसं झालंच तर उलटी करवू नका, लगेच दवाखाना गाठा.

टू-स्ट्रोक यंत्राला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. पुस्तिकेत 25 ला 1 लिहिलं असेल, तर 1 लिटरला 40 मिली. अंदाजानं ओतू नका, माप वापरा. फोर-स्ट्रोकला ऑइल वेगळं असतं, ते पेट्रोलमध्ये मिसळायचं नाही.

खरा धोका पेट्रोल पुन्हा भरताना. सायलेन्सर तापलेला असतो आणि भाडं तासावर, म्हणून शेतकरी घाई करतो. आम्ही गटात ठरावच केला: इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं आणि ती दहा मिनिटं भाड्यात धरायची नाहीत. मग घाईला कारणच उरत नाही. टाकी काठोकाठ भरू नका, सांडलेलं पुसा, आणि भरल्या जागेपासून दहा पावलं दूर नेऊनच यंत्र सुरू करा. बंद खोलीत यंत्र चालवू नका. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

आग लागलीच तर पाणी ओतू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, आग पसरते. वाळू किंवा कोरडी माती टाका. कपडे पेटले तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजल्या जागी वीस मिनिटं गार पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट नको. 108 ला फोन करा.

येत्या बैठकीत हिशेबाआधी एक प्रश्न विचारा: आपला कॅन सध्या कुणाच्या घरात, कुठे ठेवलाय?