दोन कोळी

मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी परवा आम्हाला एक प्रश्न विचारला. ते म्हणाले, "गुरुजी, अक्षरं शिकलो ते बरं झालं. सातबारा वाचता येतो, एस.टी.ची पाटी वाचता येते. पण आता तुम्ही गोष्टी वाचा म्हणता. गोष्ट म्हणजे कुणीतरी मनानं रचलेली. ती वाचून आमच्या पदरात काय पडणार?"

प्रश्न रोखठोक आहे. आम्हाला आवडला. त्याचे उत्तर आम्ही आज दोन कोळ्यांना द्यायला सांगणार आहोत. मराठीत कोळी म्हणजे जाळे विणणारा किडा, आणि कोळी म्हणजे मासे धरणारा माणूस. दोघांचेही पोट जाळ्यावर.

पहिला कोळी घरातला. इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड नावाचा देश आहे. तेथे सातशे वर्षांपूर्वी रॉबर्ट ब्रूस नावाचा राजा होता. 1306 साली तो गादीवर बसला आणि त्याच साली इंग्रजांकडून हरला. मग रानोमाळ लपत फिरला. गोष्ट अशी सांगतात की, एका झोपडीत तो पडून होता. आढ्याला एक कोळी लोंबत होता. एका तुळईवरून दुसऱ्या तुळईवर धागा टाकायची त्याची धडपड चालली होती. सहा वेळा त्याचा नेम चुकला. राजाही सहा लढाया हरलेला. सातव्या वेळी कोळ्याचा धागा चिकटला, आणि राजा उठून उभा राहिला. पुढे 1314 साली बॅनकबर्न येथे त्याने इंग्रजांच्या मोठ्या फौजेला धूळ चारली.

यातली लढाई खरी. साल खरे. कोळ्याचा मात्र त्या काळच्या कागदांत पत्ता नाही. ही गोष्ट गाजली ती वॉल्टर स्कॉट या लेखकामुळे. त्याने 1828 च्या सुमारास आपल्या नातवासाठी एक पुस्तक लिहिले, त्यात ती आहे. हा स्कॉट तेव्हा कोणत्या हालात होता ते ऐका. 1826 साली त्याचा छापखान्याचा धंदा बुडाला. अंगावर एक लाख पौंडांहून अधिक कर्ज आले. दिवाळे काढून मोकळे होता आले असते. तो म्हणाला, नाही, मी लिहून फेडीन. 1832 साली मरेपर्यंत तो लिहीत राहिला. उरलेले कर्ज त्याच्या पुस्तकांच्या पैशातून त्याच्या मागे फिटले. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला माणूस नातवाला कोळ्याची गोष्ट सांगत होता! ती एकट्या नातवासाठी सांगितली, असे आम्हाला काही वाटत नाही.

आता दुसरा कोळी. याच्यावर आमचा जीव जास्त आहे, म्हणून याला जास्त वेळ देऊ.

अर्नेस्ट हेमिंग्वे नावाच्या अमेरिकन लेखकाची ही लहानशी कादंबरी 1952 साली प्रसिद्ध झाली. 1954 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या पु. ल. देशपांड्यांनी 1965 साली ती मराठीत आणली आणि तिला नाव दिले 'एका कोळियाने'. 

क्यूबा या बेटावर सँटियागो नावाचा एक म्हातारा कोळी राहतो. बायको वारलेली. झोपडीत एकटाच. होडीच्या शिडाला पिठाच्या पोत्यांची ठिगळे. 84 दिवस झाले, त्याच्या गळाला एक मासा लागलेला नाही. चौऱ्याऐंशी दिवस! आपल्याकडे पेरणी करून पंधरा दिवस पाऊस आला नाही तर काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. पहिले 40 दिवस एक पोरगा त्याच्याबरोबर होडीवर होता. मग पोराच्या आईबापांनी त्याला दुसऱ्या होडीवर धाडला. म्हाताऱ्याचं नशीबच फुटलं, म्हणाले. दुसऱ्या होडीला पहिल्याच आठवड्यात तीन चांगले मासे मिळाले. गावातले काही जण म्हाताऱ्याला हसतात.

पंच्याऐंशीव्या दिवशी म्हातारा पहाटे उठतो आणि नेहमीपेक्षा दूर समुद्रात जातो. दुपारच्या सुमाराला खोल पाण्यात एक मासा गळ गिळतो. मासा एवढा मोठा की तोच होडीला ओढीत नेतो. दिवस जातो, रात्र जाते. दुसरा दिवस, दुसरी रात्र. दोर पाठीवरून घेतलेला. तळहात सोलवटले आहेत. डावा हात आखडून त्याची मूठ झाली आहे, ती उघडत नाही. म्हातारा कच्चा मासा चावून खातो, आणि आपल्या हातालाच रागावतो. 'पोरगा असता तर', हे तर तो किती वेळा म्हणतो!

मंडळी, हे नीट ध्यानात घ्या. या म्हाताऱ्याला शंका येत नाही असे नाही. मी कोळी व्हायलाच नको होतं की काय, असेही त्याच्या मनात येऊन जाते. मग तो काय करतो? तो गोष्टी आठवतो. तरुणपणी एका धिप्पाड गड्याशी त्याने पंजा लढवला होता. एक दिवस आणि एक रात्र दोघांचे हात टेबलावर. शेवटी हा जिंकला. ते तो आठवतो. आणि डिमॅजिओ नावाचा बेसबॉल खेळणारा एक नामांकित खेळाडू त्याला आठवतो. बेसबॉल हा चेंडू आणि दांड्याचा खेळ आहे, आपल्या क्रिकेटच्या जवळचा. हा खेळाडू जगात खरोखर होऊन गेला. त्याचा बाप कोळी होता. टाचेचे हाड दुखत असतानाही तो खेळत असे. म्हाताऱ्याला हे कसे कळले? वर्तमानपत्र वाचून. झोपडीत बसून तो आदल्या दिवसाचे वर्तमानपत्र वाचतो. फाटक्या शिडाचा तो कोळी वाचणारा होता, आणि वाचलेले त्याच्या कामाला आले ते भर समुद्रात.

तिसऱ्या दिवशी मासा थकतो. म्हातारा भाला मारून त्याला जिंकतो. मासा होडीपेक्षा दोन फूट लांब. होडीत मावणार कसा? बाजूला बांधून म्हातारा परत निघतो. पण रक्ताच्या वासाने शार्क येतात. आपल्याकडे कोकणात मुशी म्हणतात त्याच जातीचे, पण अजस्र. पहिल्याला भाल्याने मारतो, तर भाला त्याच्याबरोबर जातो. मग वल्ह्याला सुरी बांधतो. ती मोडते. मग सोटा, मग सुकाणूचा दांडा. घरी पोचेपर्यंत माशाचा सांगाडा उरतो. म्हातारा डोलकाठी खांद्यावर घेऊन चढ चढतो. झोपडीपर्यंत पाच वेळा खाली बसतो. सकाळी दुसरे कोळी सांगाडा मोजतात. 18 फूट. आणि तो पोरगा रडत रडत कॉफी घेऊन येतो. म्हणतो, आता मी तुझ्याबरोबरच येणार.

बाजारात विकायला काही आले नाही. मग ही गोष्ट धीर कशी देते? आमचे मत असे की, म्हणूनच देते. सिनेमात नायक एका गाण्यात गरिबाचा श्रीमंत होतो. ते पाहून घरी आलेला माणूस जास्तच खचतो. त्याला वाटते, मलाच का जमत नाही? जी गोष्ट सोललेले तळहात दाखवते, तिच्यावर आपला विश्वास बसतो.

आपल्याच वर्गातले सांगतो. भाजी विकणारी एक बाई येत असे. पावशेर, अडीचशे ग्रॅम, सुट्टे पैसे, सगळा हिशोब तोंडी. बाराखडी तिने लवकर पुरी केली. पण जोडाक्षरे आली आणि र ने घात केला. र मोठा बहुरूपी. 'सर्व' मध्ये डोक्यावर बसतो, 'क्रम' मध्ये पोटाशी येतो, 'ट्रक' मध्ये पायाखाली जातो, 'दुसऱ्या' मध्ये आणखीनच वेगळा दिसतो. बाई म्हणाली, "माझं डोकं म्हंजी धोंडा हाय." आणि यायची थांबली. पंधरा दिवसांनी शेजारणीबरोबर दाराशी येऊन उभी राहिली. त्या दिवशी आम्ही या म्हाताऱ्याची गोष्ट वाचून दाखवीत होतो. हात आखडल्याचा भाग चालला होता. तिने विचारले, "मग उघडली का मूठ?" आम्ही म्हणालो, "उद्या सांगू." ती दुसऱ्या दिवशी आली. अजूनही कधी कधी 'सर्व' चा 'सव' करते. पण पाटी खाली ठेवून गेलेली नाही.

आणखी एक सांगायला हवे. हा धीराचा पाठ लिहिणारा हेमिंग्वे स्वतः पुढे मनाने आजारी झाला, आणि 1961 साली त्याने आपला जीव दिला. हे ऐकून वाईट वाटते, पण लपवून काय उपयोग? मन खचते तेव्हा गोष्ट सोबत करते. मन आजारी पडते तेव्हा नुसत्या गोष्टीने भागत नाही. तेव्हा घरच्यांजवळ बोलावे, दवाखान्यात जावे. ताप आला तर जातोच ना आपण! शेतकऱ्यांच्या घरांत गेल्या कित्येक वर्षांत काय काय घडले, ते आपण सगळे जाणतो.

तर सोमवारपासून हे पुस्तक वर्गात सुरू करू. प्रत एकच आहे, तेव्हा ती हातोहात फिरवायची. ज्याला जेवढे जमेल तेवढे त्याने वाचावे. एक ओळ चालेल. म्हाताऱ्याच्या नावातच जोडाक्षर नाही, पण त्यावर चंद्रबिंदी आहे. ती आजच फळ्यावर लिहून ठेवतो. पहिले पान भाजीवाल्या बाईंनी मागितले आहे.