हप्ता तेवढाच जातोय, मग कर्ज का संपत नाही?

गृहकर्जावर बोला म्हणून बरेच मेसेज आले होते. त्यातला एक प्रश्न फिरून फिरून येतो: "व्याजदर वाढले म्हणतात, पण माझा हप्ता तर होता तेवढाच जातोय. मग मला काय फरक पडला?"

फरक पडलेला असतो. तो हप्त्यात न दिसता मुदतीत जाऊन बसतो.

थोडी पार्श्वभूमी. मे २०२२ मध्ये रेपो दर ४ टक्के होता. तिथून रिझर्व्ह बँकेने तो चढवत चढवत फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० वर नेला. म्हणजे वर्षभराच्या आतच अडीच टक्के. आणि ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली फ्लोटिंग दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधलेली असतात. निदान तीन महिन्यांतून एकदा दर रीसेट होतोच. त्यामुळे ही वाढ सरळ घरापर्यंत आली.

आता आकडे घेऊ. ५० लाखांचं कर्ज, २० वर्षं, ७ टक्के. हप्ता ३८,७६५ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २९,१६७ व्याजात जातात, ९,५९८ मुद्दलात. वर्षभर भरलं की मुद्दल साधारण ४८ लाख ८१ हजारांवर येतं. इथे समजा दर एकदम साडेनऊ झाला. खरं तर तो टप्प्याटप्प्याने वाढला, पण हिशेब सोपा राहावा म्हणून एकदम धरू. आता महिन्याचं व्याजच होतं ३८,६४२. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात किती गेले? १२३ रुपये. वाकडमध्ये दोघांचा नाश्ता होत नाही हो त्यात!

मी हे पायथनमध्ये चालवून पाहिलं. १९ वर्षं उरली होती, ती जवळजवळ ६१ झाली. आणि पहिल्याच महिन्यात, पूर्ण ५० लाख बाकी असताना दर साडेनऊ धरला, तर व्याज ३९,५८३, म्हणजे हप्त्यापेक्षा जास्त. मग बाकी उतरायच्या ऐवजी चढत जाते आणि लूप कधी थांबतच नाही. कोडमध्ये आपण त्याला बग म्हणतो.

अर्थात कुठलीच बँक ६१ वर्षं देत नाही. वयाची मर्यादा आडवी येते, मग थोडी मुदत ताणतात, थोडा हप्ता वाढवतात. पण ताणलेली मुदत कुणाच्या लक्षात येत नाही, हीच अडचण. माझ्या मामेभावाचं कर्ज त्याच्या ५८व्या वर्षी संपणार होतं. स्टेटमेंट काढलं तर ६६! दादा म्हणाला, "अरे, पेन्शन नाही मला. ती आठ वर्षं भरणार कोण?" दोन मुलं आहेत त्याला, आणि दोघांची कॉलेजं त्याच काळात.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने याच गोष्टीवर परिपत्रक काढलं. दर रीसेट करताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यायचा. मुदत वाढवताना बाकी चढत जाईल असं होऊ द्यायचं नाही. आणि दर तिमाहीला स्टेटमेंट, ज्यात किती हप्ते उरले हे लिहिलेलं असेल. तेवढा एक आकडा बघत चला. बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल.

बरं, करायचं काय? आपल्याच उदाहरणात मुदत १९ वर्षंच ठेवायची तर हप्ता सुमारे ४६,३०० होतो. साडेसात हजार जास्त. सगळ्यांना नाही जमणार. पण फक्त तीन हजार वाढवले तरी ६१ वर्षांची साडेसत्तावीस होतात. किंवा हप्ता तोच ठेवून एकदाच १ लाख मुद्दलात भरले, तर ६१ ची साधारण साडेएकोणचाळीस. एका लाखात एकवीस वर्षं! मला स्वतःला खरं वाटेना, म्हणून कागदावर पुन्हा करून पाहिलं. कारण साधं आहे. १ लाखाचं महिन्याचं व्याज ७९२ रुपये, ते वाचले की मुद्दलात जाणारे १२३ चे ९१५ होतात. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर आधी पैसे भरले म्हणून दंड नसतो. फक्त भरताना "मुदत कमी करा" असं लेखी सांगा, नाहीतर काही ठिकाणी हप्ताच कमी करून टाकतात.

२०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो परत ६.५० वरून ५.५० वर आला. ज्यांनी मधल्या काळात हप्ता वाढवून घेतला होता, त्यांना आता तो कमी करायचा पर्याय मिळेल. घरखर्चाची ओढाताण असेल तर जरूर घ्या. दादाने नाही घेतला. त्याच्या परवाच्या स्टेटमेंटवर शेवटचा हप्ता ६०व्या वर्षी दिसतोय.