म्हाकुलाची गरी आणि दोन रुपयांचे मणी

आम्ही मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका बचत गटाच्या बाया. गटात ११ जणी आहोत. निम्म्याहून जास्त घरांतला कोणी ना कोणी होडीवर जातो. सुरमईच्या गरीला लावतात ते प्लास्टिकचं म्हाकूल कसं बांधायचं, हे आज आम्ही सांगणार आहोत. पहिल्या खेपेला आमचं काय चुकलं, तेही सांगू. तुम्ही म्हाकुलं बांधा नाहीतर पापड लाटा, ती चूक कुठल्याही गटाची होऊ शकते.

आधी हे काय असतं ते सांगतो. सुरमई शिकारी मासा. लहान मासे, म्हाकुलं मागून पळत जाऊन खाते. म्हणून होडी हळू चालवत मागे लांब दोरी सोडतात आणि तिच्या टोकाला गरीसकट खोटं म्हाकूल लावतात. हे म्हाकूल मऊ प्लास्टिकचं असतं. वर टोपीसारखं पोकळ डोकं, खाली झिरमिळ्या. नुसतं म्हाकूल, गरी, तार हे सगळं बाजारात सुटं मिळतं. बांधून तयार घेतलं तर बरंच महाग पडतं. ती बांधणी आपण करावी, असं आमच्या मनात आलं.

एका तांडेलकाकांनी नमुना दिला. आम्ही तो सोडवून पाहिला. म्हाकुलाच्या आत तारेत चार मणी ओवलेले होते. आमच्यातल्या चौघी माळा ओवायचं काम करायच्या. आम्हाला वाटलं, हे शोभेसाठी असतील. बाहेरून दिसतही नाहीत, मग कशाला घालायचे? नगामागे दोन रुपये वाचले. अशी ४० म्हाकुलं बांधली आणि गावातल्या होड्यांना विकली.

आठवड्याच्या आत सहा परत आली. झिरमिळ्या सुरीने कापाव्यात तशा कापलेल्या, आणि गरी कोरी. एका भावांनी ते आमच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "मासो इलो, पण गरयेक लागाक नाय." एवढंच बोलले. त्यांची बायको आमच्याशेजारी बसून मासळी विकते. त्या दिवशी तिची पाटी जवळजवळ रिकामी होती आणि होडीचं डिझेल जळलं ते जळलंच. दुसऱ्या दिवशी ती बाजारात आमच्यापासून लांब जाऊन बसली. आम्हाला ते जास्त लागलं.

गटाची बैठक झाली. दोघी म्हणाल्या, विकलं ते विकलं, समुद्रातली हमी कोण देतं? पण आधी चूक कुठे झाली ते तर कळायला हवं होतं. ते कळलं आमच्या वयस्क काकींमुळे. त्या बैठकीत म्हाकुलं साफ करत बसल्या होत्या. त्यांनी एक अख्खं म्हाकूल परातीत ठेवलं आणि विचारलं, "म्हाकूल तोंड फुडे करून पळता काय गो?" नाही पळत. घाबरलेलं म्हाकूल पाण्याची पिचकारी मारून उलटं पळतं. टोकदार शेपूट पुढे, डोळे आणि हातपाय मागे. प्लास्टिकच्या म्हाकुलातही दोरी टोकाकडून निघते आणि झिरमिळ्या मागे राहतात. सुरमई मागून येते, म्हणजे तिचे दात आधी झिरमिळ्यांवर पडतात. गरी तिथेच हवी. आमची गरी मण्यांशिवाय वर सरकून टोपीत जाऊन बसली होती. मासा झिरमिळ्या तोडून निघून जात होता. मण्यांचं काम होतं गरीला खाली धरून ठेवायचं. ते शोभेचे नव्हतेच.

आता बांधणी ऐका. सुरमईचे दात नायलॉनची तंगूस सहज कापतात, म्हणून गरीजवळ पोलादी पिळाची तार घ्यायची, साधारण एक हात. तारेवर आधी एक छोटी धातूची नळी ओवा. मग तार गरीच्या डोळ्यातून काढून परत त्याच नळीत घाला. लहान फासा ठेवून नळी दाबायच्या पकडीने दाबा. घरातली साधी पकड चालत नाही, तिने तार चेमटते आणि तिथेच तुटते.

मग मणी ओवा. किती, ते मोजून ठरत नाही, लावून पाहावं लागतं. म्हाकूल वर चढवल्यावर गरीचं वळण झिरमिळ्यांच्या शेवटच्या भागात यायला हवं. मणी कमी पडले तर गरी आत जाते, जास्त झाले तर मागे लोंबते आणि म्हाकूल वाकडं चालतं. मण्यांनंतर हवं तर भोकाचं छोटं वजन ओवा. मग म्हाकूल घ्या. टोकाला जाड सुईने बारीक भोक पाडा आणि तार झिरमिळ्यांच्या बाजूने आत घालून टोकातून बाहेर काढा. भोक मोठं झालं तर टोक फाटतं. शेवटी तारेच्या वरच्या टोकाला तशीच नळी दाबून फिरकी लावा. फिरकीमुळे दोरीला पीळ पडत नाही.

फिरकीच्या पुढे एक वाव तंगूस आम्हीच बांधून देतो. तंगूस फिरकीतून काढून स्वतःभोवती पाच-सहा वेढे, मग टोक फिरकीजवळच्या फटीतून परत आणायचं. गाठ आवळण्याआधी पाण्याने ओली करा. कोरडी आवळली तर घासून तापते आणि तंगूस तिथेच कमजोर होते. उरलेलं टोक कात्रीने कापा, दाताने नको.

प्रत्येक नग तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. गरीचं टोक नखावर अलगद ओढून बघतो. घसरलं तर गरी बोथट. मग वाशाला ताणकाटा टांगून त्यात गरी अडकवतो आणि १० किलोपर्यंत ओढतो. ओढताना तोंड बाजूला ठेवतो. प्रत्येक गठ्ठ्यातलं एक म्हाकूल खाडीत होडीच्या कडेने ओढून बघतो. सरळ चाललं तर ठीक, गरगर फिरलं तर बांधणी तिरकी आहे.

एक काळजी सांगतो. वजन शिशाचं असतं. घरात शिसं वितळवू नका, त्याचा धूर आणि धूळ लहान मुलांना फार वाईट. तयार वजनं घ्या, कामानंतर साबणाने हात धुवा, काम करताना खाऊ नका. तंगुशीचे तुकडे डब्यात गोळा करा. वाळूत पडले तर कोंबड्या-पक्ष्यांच्या पायांत अडकतात.

आता हिशोब. मण्यांचे ८० रुपये आम्ही वाचवले होते. चाळीसही म्हाकुलं परत मागवली, वरची नळी कापून मणी घातले, नव्या नळ्या-तारा लावल्या, सहा म्हाकुलं नवी दिली. त्यात ६०० रुपये गेले आणि दोन दिवसांची मजुरी आम्ही कोणी घेतली नाही. आज एका नगाला सामान ७० रुपये, बांधणारीची मजुरी ३०, गटाला १०, म्हणून विक्री ११० रुपये. मजुरी आधी धरायची, उरली तर घेऊ असं करायचं नाही.

आणि आता नमुना सोडवला की आम्ही वापरणाऱ्याला प्रत्येक तुकड्याचं काम विचारतो. उत्तर मिळेपर्यंत काही कमी करत नाही. तुमच्या मसाल्यात, गोधडीत, पिशवीतही असा एखादा मणी असेल. खर्च कापण्याआधी विचारून घ्या.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. बांधणी शिकायला हे दोन महिने चांगले. ज्या गटाला शिकायचं असेल त्यांनी पावसाळ्यात आमच्याकडे या, सोबत एक ओली म्हाकूल घेऊन या म्हणजे कापून दाखवता येईल.

शेजारी मासळी विकणारी ती वयनी परत जवळ बसायला लागली आहे. मागच्या महिन्यात तिने स्वतः चार म्हाकुलं घेतली, पैसे देण्याआधी एकेक दाबून आतले मणी मोजले. आम्ही काही बोललो नाही, मोजू दिले.