शेजाऱ्यांचा मळा

शारदीय नवरात्रांत तुळजापुरांत घरोघरीं घट बसतात. पत्रावळीवर माती पसरून तींत धान्य पेरलें जातें, आणि नवव्या दिवशीं हिरवे अंकुर पाहून घरांतील मुलेंही हरखतात. पेरणीची ही विद्या शहरवासीयांना मुळींच परकी नाहीं. परंतु दसऱ्यानंतर तिची आठवण बुजते, आणि कोथिंबिरीच्या एका जुडीसाठीं बाजाराची वाट धरावी लागते.

शेजाऱ्यांनीं मिळून रिकाम्या जागेंत भाजी पिकवावी, हा विचार नवा नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत लंडनच्या टॉवर किल्ल्याच्या कोरड्या खंदकांत भाजीचे वाफे झाले होते. हिंदुस्थानांतही त्याच काळांत ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम निघाली. पुढें युद्ध संपलें आणि त्या खंदकांत पुन्हां हिरवळ आली. संकटानें जमविलेलीं माणसें संकट सरतांच पांगतात. त्यांना जोडून ठेवावयास दुसरा कांहीं बंध लागतो.

तो बंध मुंबईंत दिसून आला. मुंबई बंदराच्या कर्मचाऱ्यांसाठीं चालणाऱ्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर तेथील अधिकारी श्रीमती प्रीति पाटील यांनीं 2002 सालीं बाग सुरू केली. स्वयंपाकघरांतील ओला कचरा कुजवून त्याचें खत केलें, आणि त्यावर भाज्या व फळझाडें वाढविलीं. खपले ते स्वयंपाकगृहांतील सेवकच. पुढें ‘अर्बन लीव्ह्ज’ या नांवानें नागरिकांचा गट उभा राहिला. त्याला श्री. अ. दाभोळकर यांच्या विचारांचा आधार होता. गणिताचे अध्यापक असलेल्या दाभोळकरांनीं ‘प्रयोग परिवार’ उभा केला. त्याचें सूत्र असें कीं, प्रत्येकानें आपल्या जागीं प्रयोग करावा आणि फळ सर्वांपुढें मोकळें ठेवावें.

तुळजापुरांत सामग्रीची वाण नाहीं. पुजाऱ्यांच्या घरीं यात्रेकरूंच्या पंगती उठतात; भाजीचे देठ, साली व नारळाच्या शेंड्या निघतात. पिंपाच्या बुडाशीं भोंकें पाडावीं, त्यांवर शेंड्या अंथराव्या, वर पालापाचोळा व कुजलेलें खत आणि शेवटीं माती घालावी. मेथी, पालक, तांदुळजा सहज येतात. मात्र कृत्रिम रंगाच्या कुंकवानें माखलेलें निर्माल्य या खतांत मिसळूं नये. जुन्या माळवदावर वाफे करूं नयेत. ओल मुरून छत खचण्याचें भय असतें. पक्की गच्ची किंवा आळींतील पडीक तुकडा बरा. तुकडा असल्यास मालकाची लेखी संमति आधीं घ्यावी.

खरी कसोटी दोन ठिकाणीं लागते: पाणी आणि वांटणी. 2016 च्या एप्रिलांत शेजारच्या लातुराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें या भागांत कोणी विसरलेलें नाहीं. म्हणून पिण्याच्या पाण्याचा थेंबही वाफ्याला न देण्याचा नेम हवा. भाज्या व डाळतांदूळ धुतलेलें पाणी घरोघरीं बादलींत सांठवावें. चैत्र-वैशाखांत वाफे विसावूं द्यावे, त्यांवर पाचोळ्याचें पांघरूण घालावें. टंचाईंत बाग हिरवी ठेवण्याचा हट्ट शेजाऱ्यांत वैर माजवील.

वांटणीचेंही तसेंच. कोणी रोज पाणी घालतो, कोणी केवळ तोडणीस येतो, आणि चार वांग्यांवरून बोलणें तुटतें. यासाठीं पाळ्या फळ्यावर लिहाव्या, ज्याला श्रम होत नाहींत त्यानें बीं राखावें किंवा हिशेब ठेवावा, आणि तोडणी ठरल्या वारीं सर्वांसमक्ष व्हावी. ज्या घरीं बाळंतीण वा आजारी माणूस असेल तेथें पहिला वांटा जावा. उरलेल्याचे सारखे भाग पडावे. एवढा नियम पाळला, तर एकट्यानें राहणाऱ्या वृद्धाचें दार आठवड्यांतून एकदां तरी कोणी ठोठावील. भाजी बाजारांतही मिळते, पण हें बाजारांत मिळत नाहीं.

मोठ्या आरंभाची गरज नाहीं. मृगाच्या पावसावर चार-पांच घरांनीं मिळून भेंडी, गवार आणि दोडका लावावा. पुढें घट बसतील, तेव्हां घरांतील अंकुरांच्या जोडीला आळींतला वाफाही मुलांना दाखवितां येईल.