कोरड्या रस्त्यावर चाक का घसरते?



या व्यासपीठावर वेदान्तावर आणि इतिहासावर व्याख्याने होतात. आज चालकांनी मला मोटारीच्या चाकावर बोलायला उभे केले आहे. माझी शाळा सातवीत संपली. पुढचे थोडे गॅरेजमधल्या उस्तादांनी शिकवले, थोडे वाचनालयातल्या पुस्तकांनी, आणि उरलेले मोटारचालकांच्या संघटनेचे काम करताना चौकशीच्या टेबलासमोर बसून शिकलो. तेव्हा माझ्या बोलण्यात विद्वत्ता शोधू नये. उपयोग सापडला तर घ्यावा.

२०१९ सालच्या चैत्रातली गोष्ट. आमच्या संघटनेचा एक चालक खंबाटकीचा घाट चढत होता. वळणावर त्याने जरा जोर दिला, पुढची चाके घसरली आणि गाडी वळण्याऐवजी सरळ जाऊन कठड्याला घासली. कोणाला इजा झाली नाही. परंतु मालकाने नोटीस दिली : निष्काळजीपणा, दुरुस्तीचा खर्च पगारातून कापणार. रात्री तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “अण्णा, रस्ता कोरडा होता, टायरची नक्षी शाबूत होती. मग माझीच चूक म्हणायची का?”

हाच आजचा प्रश्न आहे. पाऊस नाही, टायर गोटा झालेला नाही, म्हणजे दोष चालकाचाच, असा हिशेब पुष्कळ लोक करतात. तो हिशेब कच्चा आहे. नक्षी असते ती मुख्यतः पाणी बाजूला सारण्यासाठी. कोरड्या डांबरावर पकड धरते ते रबर, आणि तेही किती? एका चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा. अशा चार तळहातांवर सारी गाडी उभी असते. ही पकड म्हणजे ठरलेला पगार समजा. पळणे, वळणे, थांबणे हे सारे त्यातूनच भागवायचे. वळणावर निम्म्याहून अधिक खर्च झाला असता चालकाने आणखी जोर मागितला, की चाक सुटते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की, पगार मुळात पुरेसा होता काय?

तपासाला क्रम असावा. आधी चाकच घसरते आहे ना, हे पाहा. इंजिन ओरडते, गाडी मात्र वेग घेत नाही, चाकाचा चीत्कार नाही, वर जळका वास येतो. तर तो रोग क्लचप्लेटचा, टायरचा नव्हे. टायर बदलून तो बरा होणार नाही.

चाकच घसरत असेल तर विचारा : एकाच जागी की सगळीकडे? एकाच जागी असेल तर खाली वाळू, खडी किंवा सांडलेले डिझेल शोधा. सगळीकडे असेल तर दोष गाडीत आहे.

मग टायरकडे या. हवा थंड टायरवर मोजावी. किती हवी ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त राहिली, दोन्ही कडा झिजल्या तर कमी. हात आडवा फिरवून करवतीसारखे दाते लागले, तर अलाइनमेंट करून घ्या. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. रबर न वापरताही वयाने कडक होते. टायर चमकवणारे तेल रस्त्याला टेकणाऱ्या भागावर कधी लावू नये.

त्यानंतर खाली वाका. अ‍ॅक्सलचा रबरी बूट फाटून ग्रीस उडते आहे काय? फिरून आल्यावर एकच रिम तापते काय? तर ब्रेक अडकला आहे. गाडीचा कोपरा दाबून सोडा; ती झोके खात राहिली तर शॉकअप गेले, आणि खडबडीत रस्त्यावर चाक क्षणोक्षणी हवेत राहते. साध्या डिफरन्शिअलची रीत अशी की, एक चाक सुटले की दुसऱ्यालाही तेवढाच अपुरा जोर मिळतो. म्हणून एका चाकाचा रोग सगळ्या गाडीला भोवतो.

आमच्या चौकशीत मी एवढेच म्हणालो, “साहेब, आधी टायर पाहू.” पुढच्या डाव्या टायरवर आकडे होते २२१०, म्हणजे २०१० सालचा बाविसावा आठवडा. ती स्टेपनी होती. कधी न वापरलेली, म्हणून नक्षी नवी. पण रबर असे की नख रुतेना. हवा ४५ पौंड, पाहिजे होती ३३. आधीच्या आठवड्यात पंक्चर झालेला टायर दुरुस्त होऊन परत आलाच नव्हता, आणि तशी नोंद चालकाने गाडीच्या वहीत केलेली होती.

पगारकपात रद्द झाली. पण मी चालकालाही सोडले नाही. स्टेपनी चढवल्यावर हवा मोजणे त्याचे काम होते, पाच मिनिटांचे. ते त्याने केले नाही, आणि हे त्याने चौकशीत स्वतः कबूल केले. त्या कबुलीने त्याची बाजू कमजोर झाली नाही, उलट बळकट झाली.

कामगाराचा कैवार घेणे म्हणजे त्याची चूक झाकणे नव्हे. चूक जिथे आहे तिथेच ती दाखवता येणे, हा खरा कैवार. त्यासाठी घोषणा पुरत नाहीत. टायरवरचे चार आकडे वाचता यावे लागतात. आपल्यापैकी ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर आपली स्टेपनी उघडून पाहावी. आणि ज्यांच्याकडे गाडी चालवायला माणूस आहे, त्यांनी त्याच्या वहीतली नोंद वाचावी.