खेळ बदलला, खेळाडू राहिला



नंदू नाटेकर म्हटले की बॅडमिंटन आठवते. परंतु हा गृहस्थ आरंभी टेनिस खेळत असे, हे पुष्कळांना ठाऊक नाही. सांगलीत १९३३ साली जन्मलेला हा मुलगा कॉलेजच्या वयात, १९५१-५२ च्या सुमारास, कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत उतरला आणि रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरला. हेच कृष्णन पुढे १९६० व १९६१ साली विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले. तेव्हा तो पराभव लाजिरवाणा नव्हताच. तरी नाटेकरांनी टेनिस बाजूला ठेवले आणि बॅडमिंटनला वाहून घेतले.

मग टेनिसची ती वर्षे फुकट गेली काय? मला तसे वाटत नाही. दोन खेळांत भेद मोठा आहे. टेनिसचा चेंडू एकदा उसळला तरी मारता येतो. बॅडमिंटनचे फूल जमिनीला टेकले की गुण गेला. टेनिसच्या जड रॅकेटला खांद्याचे बळ लागते. पाच ग्रॅमच्या फुलाला मनगटाची जादू लागते. परंतु समोरच्याचा कल ओळखणे, मोकळी जागा हेरणे, फटका मारताच जागेवर परतणे, हे दोहोंकडे सारखेच. ही शिदोरी खेळ बदलला तरी संपत नाही.

फळ काय मिळाले पाहा. १९५४ साली ऑल इंग्लंड स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी. १९५६ साली क्वालालंपूरला सेलंगॉर स्पर्धेचे विजेतेपद. परदेशी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारा हा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, त्या पहिल्याच वर्षी त्यांचा गौरव झाला. एकेरीची ६, दुहेरीची ६ आणि मिश्र दुहेरीची ५, अशी १७ राष्ट्रीय अजिंक्यपदे त्यांनी मिळवली. आणि मौज अशी, की सोडलेले टेनिस घरात परत आले. चिरंजीव गौरव यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेससह टेनिस दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. नंदू नाटेकर २८ जुलै २०२१ रोजी पुण्यात निवर्तले.

हे सारे घोडनदी-भीमेच्या काठच्या लोकांना का सांगावे? आपल्याकडे मुलगा शाळेत खो-खो, कबड्डी खेळतो, तालमीत जातो. कॉलेजात आला की वडीलधारी माणसे विचारतात, ‘याचा उपयोग काय?’ मग खेळ सुटतो. तोच मुलगा पुढे पोलीसभरतीसाठी पहाटे सोळाशे मीटर धावू लागतो, तेव्हा सुटलेली वर्षे त्याला पायांत जाणवतात. दौंडला रेल्वे आहे, राज्य राखीव पोलीस दल आहे. मैदानावर घडलेल्या शरीराला काम देणारी दारे आपल्या उंबऱ्याशीच आहेत.

सर्वांचे नाटेकर होणार नाहीत, व्हायलाही नकोत. एका खेळात हरलेल्या मुलाला घरी बसवू नका, दुसऱ्या मैदानावर पाठवा, एवढेच माझे मागणे. कॉलेजांनीही निवडलेल्या अकरांपुरते मैदान न राखता, उरलेल्यांसाठी रोज संध्याकाळी तासभर मोकळे ठेवावे. त्याला पैसा फारसा लागत नाही, इच्छा लागते.